शटर स्पीड : हालचाल आणि प्रकाश यांचा मेळ

शटर स्पीडविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी एकत्रित उत्तरे देत आहे. बरेच प्रश्न एकमेकांशी मिळतेजुळते होते, त्यामुळे ते एकत्र करून थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : शटर स्पीड वाढवला की छायाचित्र काळपट येते आणि कमी केला की हलते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : शटर म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देणारी झडप; ती उघडी राहण्याचा अवधी जितका कमी, तितका शटर स्पीड जास्त. शटर जेवढा वेळ उघडे राहते, तेवढ्या वेळात दोन गोष्टी ठरतात. सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागावर) किती प्रकाश पडणार ही एक आणि त्या वेळात हलत्या वस्तूची प्रतिमा सेन्सरवर किती सरकणार ही दुसरी. हा अवधी निम्मा केला की प्रकाश निम्मा होतो आणि प्रतिमेचे सरकणेही निम्म्यावर येते. १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१००० ही कॅमेऱ्यावर दिसणारी मालिका याच हिशेबावर बेतलेली आहे आणि तिच्यातील प्रत्येक पायरीला आपण एक स्टॉप म्हणतो. (१/६० नंतर १/१२० ऐवजी १/१२५ येते, ती केवळ आकडे लक्षात राहावेत म्हणून केलेली सोय आहे.)

तुमची अडचण सुटते ती पुढील गोष्ट ध्यानात घेतल्यावर. प्रकाश कमी पडला, तर तो भरून काढण्यासाठी अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाश येण्याचे छिद्र) आणि आयएसओ (प्रकाशाचा संकेत किती वाढवायचा त्याचा आकडा) असे आणखी दोन मार्ग हाताशी असतात. वस्तूच्या हालचालीवर मात्र, फ्लॅशचा अपवाद सोडला, तर शटरखेरीज दुसरा इलाज नाही. म्हणून विषय हलता असेल तेव्हा आधी हालचालीचा विचार करून शटर स्पीड ठरवावा आणि प्रकाशाचा हिशेब त्यानंतर जुळवावा. बहुतेक जण नेमके उलट करतात. आधी आयएसओ शक्य तितका कमी ठेवायचा असे ठरवून टाकतात आणि मग जो शटर स्पीड पदरात पडेल तो निमूटपणे स्वीकारतात.

एक उदाहरण घेऊ. सायंकाळच्या उजेडात मैदानावरील खेळ टिपताना १/१२५ सेकंद, एफ/५.६ आणि आयएसओ ४०० या मांडणीत एक्स्पोजर (छायाचित्राचा उजळपणा) योग्य येत आहे; पण खेळाडूंचे हातपाय स्पष्ट येण्यासाठी १/१००० सेकंद हवा आहे, असे समजा. १/१२५ पासून १/१००० पर्यंत तीन स्टॉप होतात, म्हणजे प्रकाश एक अष्टमांश उरेल. अ‍ॅपर्चर एफ/४ केले (एफचा आकडा लहान, तर छिद्र मोठे) की एक स्टॉप परत मिळतो आणि आयएसओ ४०० वरून १६०० वर नेला की उरलेले दोन स्टॉप भरून निघतात. छायाचित्राचा उजळपणा पहिल्याइतकाच राहतो. मोबदल्यात स्पष्टतेची खोली (विषयाच्या पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती) थोडी कमी होते आणि नॉइज (छायाचित्रातील दाणेदारपणा) थोडे वाढते.

या नॉइजला अकारण घाबरले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. सेन्सरपर्यंत प्रकाशच कमी पोहोचला असल्यामुळे ते मुळात येते. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही, मिळालेल्या प्रकाशापासून तयार झालेला संकेत तेवढा वाढवला जातो. म्हणूनच आयएसओ कमी ठेवून अंधारलेले छायाचित्र काढायचे आणि नंतर संगणकावर ते उजळवायचे, यातून सहसा काहीही हाती लागत नाही. शिवाय दाणेदार झालेले छायाचित्र आजच्या सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी स्वच्छ करता येते, पण हललेला चेहरा समाधानकारकपणे सावरता येत नाही.

प्रश्न : धावणाऱ्या लहान मुलांची छायाचित्रे काढताना किती शटर स्पीड ठेवावा? कोणी १/२५० सांगतात, कोणी १/१०००. यातले खरे काय?

उत्तर : दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. मूल किती वेगाने धावते यापेक्षा त्याची प्रतिमा सेन्सरवर किती वेगाने सरकते, याला महत्त्व असते. हे आकड्यांतून पाहिले की लगेच उमगते.

तुमच्या चौकटीत मुलाच्या अंतरावर आडवी सहा मीटर जागा मावते आणि छायाचित्राची रुंदी सहा हजार पिक्सेल आहे, असे धरू. म्हणजे प्रत्यक्षातील एक मिलिमीटरला एक पिक्सेल. मूल सेकंदाला तीन मीटर या वेगाने तुमच्यासमोरून आडवे धावत असेल, तर १/६० सेकंदात ते पाच सेंटिमीटर पुढे जाईल आणि त्याचा चेहरा छायाचित्रात पन्नास पिक्सेल फरफटलेला दिसेल. १/२५० सेकंदाला हीच फरफट बारा पिक्सेलवर येते, १/१००० सेकंदाला तीनवर. आता तेच मूल दुप्पट दूर गेले, तर चौकटीत बारा मीटर जागा मावू लागते आणि प्रत्येक आकडा निम्मा होतो. उलट, त्याच जागेवरून झूम करून तुम्ही त्याला जवळ ओढले, तर फरफटही त्याच प्रमाणात वाढते. वस्तू दूर असल्याचा फायदा लांब फोकल लेंग्थची (दूरचे जवळ आणून दाखवणारी) लेन्स अशा रीतीने काढून घेते.

दिशेचाही फार मोठा वाटा असतो. मूल सरळ तुमच्याकडे धावत येत असेल, तर त्याची प्रतिमा बाजूला सरकत नाही, हळूहळू मोठी तेवढी होत जाते. अशा वेळी १/२५० सेकंद पुष्कळदा पुरतो. आडव्या धावण्याला १/५०० ते १/१००० सेकंद लागतो आणि तिरप्या धावण्याला या दोहोंच्या मधला आकडा चालतो.

शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने हलत नाहीत, हेही पाहण्यासारखे आहे. धावताना जमिनीवर टेकलेले पाऊल त्या क्षणी जवळजवळ स्थिर असते, तर मागून पुढे येणारे पाऊल धडापेक्षा बरेच जास्त वेगाने जात असते. त्यामुळे १/२५० सेकंदाला काढलेल्या छायाचित्रात चेहरा ठीक, एक बूट नाडीसकट स्पष्ट आणि दुसऱ्या बुटाची नुसती रेघ, असे दिसते. चालत्या सायकलीच्या चाकात तर हे तंतोतंत असते. जमिनीला टेकलेला बिंदू स्थिर असतो आणि चाकाचा सर्वांत वरचा बिंदू सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. पुढच्या वेळी कॅमेरा स्थिर ठेवून, मध्यम शटर स्पीडला सायकल टिपा आणि छायाचित्र मोठे करून पाहा : खालच्या काड्या मोजता येतील, वरच्या मात्र एकमेकींत मिसळलेल्या असतील. पायाची किंवा चाकाची अशी अस्पष्टता मला दोष वाटत नाही. चेहरा स्पष्ट असेल, तर तिच्यामुळेच मूल खरोखर धावत असल्याचे जाणवते.

उजेड फारच कमी असेल, तर क्षण निवडावा. उडी मारलेले मूल सर्वांत उंच पोहोचते तेव्हा त्याचा वर जाण्याचा वेग शून्य झालेला असतो; झोका टोकाला गेला की उलट फिरण्यापूर्वी क्षणभर थांबतो. तो क्षण साधला, तर १/१२५ सेकंदातही धड आणि चेहरा स्पष्ट येऊ शकतात.

प्रश्न : छायाचित्रे कॅमेऱ्याच्या पडद्यावर छान दिसतात, पण संगणकावर मोठी केली की अस्पष्ट वाटतात. माझ्या लेन्समध्ये स्थिरीकरणाची सोय आहे, तरीही असे का व्हावे?

उत्तर : अस्पष्टतेची तीन मुख्य कारणे असतात : हात हलणे, विषय हलणे आणि फोकस चुकणे. छायाचित्र शंभर टक्के मोठे करून नीट न्याहाळले, तर यांतले कोणते कारण आहे ते बहुधा ओळखता येते. एखादा लहान तेजस्वी ठिपका शोधा. दूरचा दिवा, धातूवरची चकाकी किंवा डोळ्यातील प्रकाशाचा बिंदू. तो ठिपका लहानशी रेघ झाला असेल आणि चौकटीतील सगळ्याच ठिपक्यांच्या रेघा एकाच दिशेने गेलेल्या असतील, तर हात हलला आहे. मागची भिंत, झाडे किंवा अक्षरे स्पष्ट आहेत आणि माणूस तेवढा फरफटला आहे, असे दिसले तर विषय हलला आहे. ठिपक्याची रेघ न होता तो गोल पसरट झाला असेल आणि विषयाच्या थोडे पुढे किंवा मागे असलेले काहीतरी मात्र धारदार आले असेल, तर फोकस चुकला आहे.

हाताच्या हलण्यासाठी जुना ठोकताळा असा की, शटरचा अवधी एक भागिले फोकल लेंग्थ याहून जास्त नसावा : ५० मिलिमीटरला १/५० सेकंद, २०० मिलिमीटरला १/२०० सेकंद. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान, दीडपट क्रॉपचा असेल, तर २०० मिलिमीटरची लेन्स ३०० ची समजून १/३०० सेकंद धरावा. हा ठोकताळा फिल्मच्या काळातील, म्हणजे छोट्या आकाराच्या प्रिंट पाहिल्या जात तेव्हाचा आहे. भरपूर मेगापिक्सेलचे छायाचित्र पूर्ण मोठे करून पाहायचे असेल, तर त्यापेक्षा एक स्टॉप वेगवान राहणे बरे.

स्थिरीकरण फक्त तुमच्या हाताचा कंप सावरते. समोरच्या माणसाने मान वळवली, तर त्याला ती थांबवता येत नाही. स्थिरीकरणाच्या भरवशावर १/१५ सेकंदाला काढलेल्या छायाचित्रात खोली लखलखीत स्पष्ट आणि माणसे धूसर, असे होते ते यामुळेच. निवांत बसून बोलत असलेल्या माणसांसाठीदेखील मी १/१२५ सेकंदाच्या खाली सहसा जात नाही, कारण बोलताना हात, ओठ आणि मान सतत हलत असतात.

प्रश्न : वाहन स्पष्ट आणि मागचा परिसर आडव्या रेघांसारखा, अशी छायाचित्रे कशी काढतात?

उत्तर : या पद्धतीला पॅनिंग म्हणतात. वाहनाबरोबर कॅमेरा त्याच वेगाने फिरवत नेला की वाहनाची प्रतिमा सेन्सरवर एका जागी राहते आणि स्थिर असलेला परिसर सरकतो. सायकलसाठी १/३० सेकंद आणि मोटारीसाठी १/६० ते १/१२५ सेकंदापासून सुरुवात करावी. पाय घट्ट रोवून कमरेतून वळावे, वाहन समोर येण्याच्या बऱ्याच आधीपासून त्याचा पाठलाग सुरू करावा आणि शटर दाबल्यानंतरही फिरणे थांबवू नये. बटण दाबताच कॅमेरा थबकतो, ही इथली सर्वांत मोठी चूक आहे. लेन्सच्या स्थिरीकरणात पॅनिंगसाठी वेगळी सोय असेल तर ती निवडावी. अनेक छायाचित्रांमधून एखादेच साधते, हे या प्रकारात गृहीतच धरावे लागते. भर उन्हात मात्र १/३० सेकंदाला छायाचित्र पांढरे फटक पडण्याची शक्यता असते. त्यावरचा उपाय पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : धबधब्याचे पाणी मुलायम दिसावे म्हणून शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले, तर सगळे छायाचित्र पांढरे झाले. आयएसओ सर्वांत कमी होता. काय करावे?

उत्तर : स्वच्छ उन्हासाठी एक ठोकताळा आहे : अ‍ॅपर्चर एफ/१६ असताना शटर स्पीड एक भागिले आयएसओ इतका ठेवावा. म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१२५ सेकंद. तुम्ही एफ/१६ ला अर्धा सेकंद शटर उघडे ठेवले असेल, तर सुमारे साठपट प्रकाश आत आला. छायाचित्र पांढरे होणारच. अ‍ॅपर्चर एफ/२२ केल्याने जेमतेम एक स्टॉप मिळतो आणि इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होऊन (किरण कडेला पसरून) सगळेच छायाचित्र किंचित मऊ पडते. तो मार्ग फायद्याचा नाही.

यासाठी एनडी (न्यूट्रल डेन्सिटी) फिल्टर वापरतात. ही लेन्सपुढे बसवायची करडी काच असते आणि तिने रंग न बदलता केवळ प्रकाश कमी करावा, अशी अपेक्षा असते. तीन स्टॉपचा फिल्टर प्रकाश एक अष्टमांशावर आणतो, सहा स्टॉपचा १/६४ वर, तर दहा स्टॉपचा जवळजवळ एक हजारांशावर. तुमच्या १/१२५ सेकंदाला सहा स्टॉपचा फिल्टर लावला की बरोबर अर्धा सेकंद होतो. दहा स्टॉपचा लावला, तर आठ सेकंद. गडद फिल्टरमधून फोकस करणे अवघड जाते, तेव्हा रचना आणि फोकस आधी ठरवून, फोकस मॅन्युअल करून मग फिल्टर चढवावा. ट्रायपॉड तर हवाच. शटरचे बटण हाताने दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. फिल्टर नसेल, तर ढगाळ वेळ किंवा सूर्योदयापूर्वीचा उजेड गाठावा.

अवधी किती ठेवावा, हा आवडीचा प्रश्न असला तरी माझी आवड सांगतो. पाण्याचे अगदी दूध व्हावे असे मला वाटत नाही. १/८ ते १/२ सेकंदात पाण्याच्या धारा दिसतात, ते कोठे आदळते आणि कोठे वळते तेही कळते. आठ-दहा सेकंदांत ही सगळी माहिती पुसली जाते. जोरदार प्रवाहाला १/८ सेकंदही पुरतो, संथ झऱ्याला एक सेकंद लागतो.

प्रश्न : शटर बराच वेळ उघडे ठेवले, तर रस्त्यावरून जाणारी माणसे छायाचित्रात दिसत नाहीत, हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे आणि याचा पुरावा छायाचित्रणाच्या आरंभापासूनचा आहे. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसमधील बुलेव्हार द्यू तॉम्प्ल या रस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्ता वर्दळीचा, पण एक्स्पोजर, म्हणजे येथे प्रकाश घेण्याचा वेळ, काही मिनिटांचे असल्यामुळे ये-जा करणारी माणसे आणि गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. एका कोपऱ्यात बुटांना पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक माणूस तेवढा दिसतो, कारण तो पुरेसा वेळ एका जागी होता.

कारण साधे आहे. चार मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये चालणारा माणूस एखाद्या जागेवर अर्धा सेकंद असेल, तर त्या जागेच्या एकूण वेळेतील त्याचा वाटा १/४८० इतकाच होतो. उरलेला सगळा वेळ तिथे रस्त्याचा प्रकाश नोंदला जातो. हातात दिवा घेतलेला माणूस मात्र असा नाहीसा होत नाही. दिव्याचा प्रकाश आसपासच्या प्रकाशापेक्षा कितीतरी प्रखर असल्याने क्षणभरातही त्याची रेघ उमटते. रात्रीच्या छायाचित्रात मोटारी न दिसता त्यांच्या दिव्यांच्या रेषा दिसतात, त्या याच कारणाने.

प्रश्न : कॅमेऱ्यातील आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले, तर कधी छायाचित्रात आडवे काळे पट्टे येतात, तर कधी वाहने तिरपी दिसतात. कॅमेरा बिघडला आहे का?

उत्तर : कॅमेरा ठीक आहे. बहुतेक इलेक्ट्रॉनिक शटर सगळा सेन्सर एकदम वाचत नाहीत, वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचतात. तुम्ही १/२००० सेकंद निवडला, तर प्रत्येक ओळ तेवढाच वेळ प्रकाश घेते हे खरे. परंतु पहिली आणि शेवटची ओळ यांच्यात त्याहून कितीतरी जास्त, काही कॅमेऱ्यांत १/३० सेकंदाच्या आसपास, अंतर पडते. तेवढ्यात वाहन पुढे सरकते आणि त्याचा खालचा भाग वरच्या भागाच्या पुढे गेलेला दिसतो. वस्तू अस्पष्ट न होता वाकडी होते, हे लक्षात घ्या. म्हणून शटर स्पीड आणखी वाढवून काही साधत नाही, यांत्रिक शटर वापरावे लागते.

सेन्सरपुढून सरकणाऱ्या पडद्यांच्या यांत्रिक शटरमध्येही हाच गुण थोड्या प्रमाणात असतो आणि जुन्या, संथ शटरमध्ये तो बराच होता. फ्रेंच छायाचित्रकार झाक-आंरी लार्तिग यांनी १९१० च्या दशकात टिपलेल्या शर्यतीच्या मोटारीचे चाक लंबवर्तुळाकार होऊन पुढे झुकलेले आणि मागचे प्रेक्षक उलट दिशेला कललेले दिसतात. शटरची फट चौकटीतून सरकत असताना मोटार पुढे जात होती आणि कॅमेराही फिरत होता, परंतु मोटारीइतक्या वेगाने नव्हे. त्या विकृतीमुळेच मोटारीचा वेग पाहणाऱ्याला आजही जाणवतो.

पट्ट्यांचे कारण दिव्यांत आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. ६० हर्ट्झच्या विजेवर १२० वेळा. शटरचा अवधी या चढउताराच्या पूर्ण पटीत ठेवला, म्हणजे अनुक्रमे १/१०० किंवा १/५० सेकंद आणि १/१२५ किंवा १/६० सेकंद, की पट्टे जातात किंवा फार कमी होतात. वेगवान हालचालीसाठी हे परवडत नसेल, तर यांत्रिक शटर निवडून कॅमेऱ्यातील फ्लिकर (दिव्यांचे लुकलुकणे) कमी करण्याची सोय सुरू करावी. ती दिवा सर्वांत प्रखर असलेला क्षण साधून शटर उघडते.

प्रश्न : फ्लॅश लावल्यावर कॅमेरा १/२५० सेकंदाच्या पुढे जाऊ देत नाही. मग वेगवान हालचाल कशी टिपायची?

उत्तर : पडद्याच्या शटरमध्ये पहिला पडदा उघडतो आणि दुसरा मागून बंद होतो. एका ठरावीक वेगापर्यंत, बहुधा १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत, मध्ये असा क्षण येतो की सगळा सेन्सर उघडा असतो आणि फ्लॅश तेव्हा चमकतो. त्यापुढे दोन पडद्यांमधील फट तेवढी सरकत जाते, म्हणून फ्लॅश चमकला तरी छायाचित्राचा एक भाग काळा राहतो.

परंतु अंधाऱ्या जागी हालचाल थांबवण्याचे काम शटर करतच नाही, ते फ्लॅश करतो. लहान फ्लॅशची चमक पूर्ण शक्तीवर १/१००० सेकंदाच्या आसपास आणि कमी शक्तीवर १/१०,००० सेकंदापेक्षाही कमी टिकते. शटर कितीही वेळ उघडे असले तरी वस्तूवर प्रकाश तेवढ्यापुरताच पडतो. अमेरिकी अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी दुधाचा थेंब आदळून उडालेल्या तुषारांचे प्रसिद्ध छायाचित्र १९५७ मध्ये टिपले, ते अशाच अतिशय अल्पजीवी चमकेच्या बळावर. अट एकच की, आसपासचा उजेड फ्लॅशच्या मानाने तीन-चार स्टॉप तरी कमी असावा. नाहीतर स्पष्ट प्रतिमेभोवती दुसरी धूसर प्रतिमा दिसते. शटर स्पीडने येथे पार्श्वभूमीचा उजळपणा ठरतो. १/२०० ऐवजी १/५० सेकंद ठेवला, तर फ्लॅशने उजळलेला चेहरा जवळपास तसाच राहून मागची खोली दोन स्टॉप उजळ येते.

प्रश्न : मी मोबाइलवरच छायाचित्रे काढतो. हे सगळे मला लागू होते का?

उत्तर : होते, पण तुमच्याकडे एक मार्ग कमी आहे. बहुतेक मोबाइलचे अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, त्यामुळे शटर स्पीड वाढवला की सगळा भार आयएसओवर पडतो. कमी उजेडात मोबाइल आपणहून शटर बराच वेळ उघडे ठेवतो किंवा अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र करतो. स्थिर दृश्यासाठी ते उत्तम असते, खेळणाऱ्या मुलांसाठी नाही. अशा वेळी रात्रीचा मोड बंद करावा, प्रो मोड असेल तर त्यात १/२५० सेकंद स्वतः निवडावा आणि आयएसओ स्वयंचलित ठेवावा. प्रो मोड नसेल, तर मुलांना खिडकीजवळ किंवा दिव्याच्या अधिक जवळ आणावे. उजेड वाढला की मोबाइल आपोआप शटरचा अवधी कमी करतो.